बीजकोश-उद्दीपनाच्या संप्रेरक-पद्धती : तुलनेच्या निकषांचा इतिहास
(धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात)

१. विषयप्रवेश

अपत्यहीनतेवरील उपचारांचा इतिहास बहुधा यशाच्या क्रमाने सांगितला जातो. अमुक वर्षी अमुक औषध निघाले, अमुक वर्षी पहिले बालक जन्मले, अशी त्याची मांडणी असते. ही मांडणी चुकीची नसली तरी अपुरी आहे. स्त्रीच्या बीजकोशाला संप्रेरके देऊन उद्दीपित करण्याच्या ज्या पद्धती गेल्या शतकात प्रचारात आल्या, त्यांची तुलना वेळोवेळी झाली. परंतु ती ज्या मापाने झाली ते माप मात्र दर पिढीला बदलत गेले. प्रारंभी प्रश्न होता, स्त्रीबीज बाहेर पडते की नाही. पुढे प्रश्न आला, किती स्त्रीबीजे मिळतात. त्यानंतर, किती बालके जिवंत जन्मतात. आणि सर्वांत शेवटी, ती जन्मावीत म्हणून स्त्रीने काय सोसले. या चार प्रश्नांचा क्रम तपासणे हा या निबंधाचा हेतू आहे.

धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ येथे केवळ स्थाननिर्देशापुरता नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला आणि दीर्घकाळ उस्मानाबाद या नावाने ओळखला गेलेला हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. अपत्यासाठी तुळजाभवानीला नवस बोलण्याची परंपरा येथे जुनी आहे, आणि अपत्यहीनतेचा दोष स्त्रीच्याच माथी मारण्याची रीतही तितकीच जुनी. हिंदूंमध्ये द्विभार्याविवाह १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याने अवैध ठरला. तोवर 'वांझ' ठरलेल्या स्त्रीच्या घरात सवत येणे समाजाला वावगे वाटत नसे. अशा पार्श्वभूमीवर कोणत्या पद्धतीत किती इंजेक्शने, किती फेऱ्या आणि किती धोका, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही, तो सामाजिक इतिहासाचाही होतो.

२. संप्रेरकांचा शोध आणि पहिले अपयश

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी बीजकोशावर नियंत्रण ठेवते, ही गोष्ट १९२७ च्या सुमारास निश्चित झाली. अमेरिकेत स्मिथ व एंगल यांनी, आणि जर्मनीत झोंडेक व अ‍ॅशहाइम यांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांत, या ग्रंथीचा अंश टोचल्यास अल्पवयीन उंदराचा बीजकोश अकाली पक्व होतो असे आढळले. पुटकांची वाढ करणारे एक आणि पक्व पुटक फुटून त्याचे पीतपिंडात रूपांतर घडविणारे दुसरे, अशा दोन संप्रेरकांची कल्पना झोंडेक यांनी मांडली. आजच्या परिभाषेतील एफएसएच व एलएच ती हीच.

१९३० मध्ये कोल व हार्ट यांना गाभण घोडीच्या रक्तात असेच गुणधर्म असलेले द्रव्य सापडले. स्त्रियांवरील उपचारांत प्रथम वापर झाला तो या घोडीच्या संप्रेरकाचा. आधी त्याने पुटके वाढवावयाची आणि मग गर्भवतीच्या मूत्रातून मिळणाऱ्या, वारेने स्रवलेल्या संप्रेरकाने, म्हणजे एचसीजीने, ती फोडावयाची, अशी द्विपदी पद्धत १९४० नंतरच्या दशकात रूढ झाली. परंतु परप्राण्याचे प्रथिन असल्यामुळे मानवी शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करू लागले. पहिल्या आवर्तनात आलेला परिणाम पुढील आवर्तनांत नाहीसा होई. मानवी उपचारांतून हे द्रव्य पुढे बाद झाले.

धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रकरणाला एक वेगळे महत्त्व आहे. या जिल्ह्याचे जुने नाव ज्या शेळीला मिळाले ती उस्मानाबादी शेळी जुळ्या करडांसाठी प्रसिद्ध आहे. शेळ्यामेंढ्यांचा माज एकाच वेळी आणण्यासाठी प्रोजेस्टेरॉनयुक्त स्पंज बसवून नंतर घोडीचे हेच संप्रेरक टोचण्याची रीत पशुवैद्यकात आजही आहे. जे द्रव्य स्त्रियांच्या दवाखान्यातून गेले ते गोठ्यात टिकले, याचे कारण द्रव्यात नाही, हेतूत आहे. पशुपालकाला एका हंगामात एक आवर्तन साधले तरी पुष्कळ. स्त्रीला मात्र वारंवार उपचार घ्यावे लागतात. हेतू बदलला की तुलनेचा निष्कर्ष बदलतो, ही गोष्ट पुढील विवेचनातही पुन्हा पुन्हा प्रत्ययास येईल.

३. पीयूषिका, मूत्र आणि गोळी

मानवी शरीरासाठी मानवी संप्रेरकच हवे, हे स्पष्ट झाल्यावर दोन मार्ग निघाले. स्वीडनमध्ये कार्ल गेमझेल यांनी मृत व्यक्तींच्या पीयूषिका ग्रंथींतून एफएसएच काढले आणि १९५८ मध्ये त्याने स्त्रीबीज मुक्त होत असल्याचे दाखविले. इटलीत पिएरो डोनिनी यांनी १९४९ च्या सुमारास, ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रात ही दोन्ही संप्रेरके विपुल असतात या जाणिवेतून, मूत्रापासून ती वेगळी करण्याची कृती सिद्ध केली. या मूत्राचा पुरवठा इटलीतील मठांतल्या वृद्ध संन्यासिनींकडून होत असे. इझ्राएलमधील ब्रूनो लुनेनफेल्ड यांनी या द्रव्याचा, म्हणजे एचएमजीचा, उपचारात पाठपुरावा केला, आणि १९६२ मध्ये त्यामुळे गर्भ राहिलेल्या स्त्रीला बालक झाले.

दोन्ही मार्ग परिणामकारक होते. त्यांच्यातील भेद कार्यक्षमतेने ठरला नाही, सुरक्षिततेने ठरला, आणि तोही सुमारे पाव शतकानंतर. मृतांच्या ग्रंथींतून काढलेल्या वाढ-संप्रेरकाने उपचार झालेल्या रुग्णांत क्रॉइट्सफेल्ड-याकोब हा मेंदूचा प्राणघातक व्याधी उद्भवल्याचे १९८५ मध्ये उघडकीस आले. ऑस्ट्रेलियात अशाच मार्गाने मिळविलेले जननसंप्रेरक घेतलेल्या काही स्त्रियाही या व्याधीने दगावल्या. १९६० साली या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्यास हा धोका दिसणे शक्यच नव्हते. अल्पकालीन तुलनेची मर्यादा याहून ठळक उदाहरणाने दाखविता येणे कठीण.

तिसरा मार्ग गोळीचा. १९५६ मध्ये तयार झालेले क्लोमिफीन हे रसायन बीजकोशावर प्रत्यक्ष कार्य करीत नाही. ते मेंदूला इस्ट्रोजेनची जाणीव होऊ देत नाही. त्यामुळे पीयूषिका स्वतःचेच एफएसएच अधिक स्रवू लागते. रॉबर्ट ग्रीनब्लाट यांनी १९६१ मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध केले आणि १९६७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पाच दिवस तोंडाने घ्यावयाची ही गोळी रोज टोचून घ्यावयाच्या औषधापेक्षा स्वस्त व सोपी होती. तालुक्याच्या गावी बसलेल्या डॉक्टरालाही ती लिहून देता येत होती. ग्रामीण भागात बीजकोश-उद्दीपन प्रथम पोहोचले ते या रूपाने.

मात्र उद्दीपन जितके प्रबळ तितका धोका अधिक, हे याच काळात ध्यानात आले. जुळी-तिळी होण्याचे प्रमाण वाढले. काही स्त्रियांचे बीजकोश अतिशय सुजत, पोटात पाणी साठे, रक्त दाट होऊन गुठळ्या होत. या अतिउद्दीपनाच्या विकाराचे तीव्रतेनुसार वर्गीकरण इझ्राएलमधील राबाउ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये केले. पद्धतीच्या यशाबरोबर तिचा अपायही मोजला पाहिजे, या विचाराची नोंदलेली सुरुवात येथे आहे असे म्हणता येईल.

४. कोलकाता १९७८, मुंबई १९८६

शरीराबाहेर फलन घडवावयाचे ठरल्यावर उद्दीपनाचे प्रयोजनच पालटले. आता स्त्रीबीज मुक्त होऊ द्यावयाचे नव्हते. ते मुक्त होण्याच्या क्षणभर आधी हाती घ्यावयाचे होते, आणि शक्य तर एकाहून अधिक. स्टेप्टो व एडवर्ड्स यांनी इंग्लंडमध्ये प्रथम उद्दीपित आवर्तनांत प्रयत्न केले. ते फसल्यावर त्यांनी नैसर्गिक आवर्तनातील एकच स्त्रीबीज घेण्याचे ठरविले, आणि २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउनचा जन्म झाला. जगातील पहिले बाह्यफलन हे अशा रीतीने उद्दीपनाविना झाले.

त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात 'दुर्गा' या नावाने ओळखली गेलेली बालिका जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी सुनीत मुखर्जी व सरोजकांती भट्टाचार्य यांच्या सहकार्याने अवलंबिलेली पद्धत इंग्लंडमधील पद्धतीहून मूलतः भिन्न होती. त्यांनी एचएमजी देऊन अनेक पुटके वाढविली, योनिमार्गाने स्त्रीबीजे काढली, गर्भ गोठवून ५३ दिवस राखला आणि नंतरच्या आवर्तनात तो गर्भाशयात सोडला. उद्दीपित आवर्तनात गर्भाशयाचे अस्तर गर्भ स्वीकारण्यास अनुकूल राहत नाही, म्हणून उद्दीपन आणि गर्भारोपण यांची आवर्तनेच वेगळी करावीत, हे त्यामागील तर्कशास्त्र होते.

पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने हा दावा फेटाळला. डॉ. मुखोपाध्याय यांची बदली नेत्रविषयक संस्थेत करण्यात आली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. अमेरिकेत नॉरफोक येथे जोन्स दांपत्याने एचएमजीच्या उद्दीपनाने घडविलेले पहिले अमेरिकन बाह्यफलित बालक त्याच वर्षी, २८ डिसेंबरला, जन्मास आले, आणि पुढे जगभर उद्दीपित आवर्तनाचीच पद्धत रूढ झाली.

मुंबईत परळ येथील भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या प्रजनन-संशोधन संस्थेने आणि शेजारच्या के. ई. एम. रुग्णालयाने मिळून हे काम हाती घेतले. डॉ. टी. सी. आनंदकुमार व डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला. प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवली गेल्यामुळे भारतातील पहिले बाह्यफलित बालक म्हणून शास्त्रीय जगाने तिलाच मान्यता दिली. पुढे आनंदकुमार यांच्या हाती मुखोपाध्यायांची टिपणे आली. ती वाचून त्यांनी १९९७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात लेख लिहिला आणि प्रथमत्वाचा मान मुखोपाध्यायांचा आहे असे जाहीर केले. स्वतःच्या संस्थेकडे आलेला मान एका शास्त्रज्ञाने कागदपत्रांच्या आधारे दुसऱ्यास परत द्यावा, ही घटना भारतीय विज्ञानाच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या पाहिजेत. कोलकात्याची पद्धत अधिक प्रगत होती, कारण उद्दीपन, गर्भाचे शीतरक्षण आणि नंतरच्या आवर्तनात आरोपण हा तिचा क्रम आजच्या अनेक केंद्रांत रोज वापरला जातो. मुंबईचे काम अधिक तपासण्याजोगे होते, कारण त्याची नोंद इतरांस पडताळता येत होती. पद्धतीची श्रेष्ठता आणि पुराव्याची श्रेष्ठता या एक नव्हेत. समितीने दुसरीच्या अभावावरून पहिली नाकारली. आनंदकुमार यांनी पुरावा हाती येताच पहिली मान्य केली.

५. अवेळी येणाऱ्या लाटेचे नियंत्रण

अनेक पुटके वाढू लागली की इस्ट्रोजेन झपाट्याने चढते आणि पीयूषिकेतून एलएचची लाट अवेळी येते. १९८० च्या सुमारास उद्दीपित आवर्तनांपैकी सुमारे पंचमांश आवर्तने या एकाच कारणाने वाया जात. शाली व गियमाँ यांनी १९७१ मध्ये जीएनआरएच या मेंदूतील संप्रेरकाची रचना उलगडली होती. १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी ठरले. या रेणूपासून बनविलेली प्रबल साधर्म्यद्रव्ये सतत दिली असता प्रथम पीयूषिकेला चेतवितात आणि काही दिवसांनी तिला निद्रिस्त करतात. १९८४ मध्ये इंग्लंडमधील पोर्टर व सहकाऱ्यांनी याचा बाह्यफलनात उपयोग केला. त्यातून 'दीर्घ पद्धत' निघाली. आधीच्या मासिक आवर्तनाच्या एकविसाव्या दिवसाच्या सुमारास साधर्म्यद्रव्य सुरू करावयाचे, दोनेक आठवड्यांनी पीयूषिका शांत झाली की त्यावर उद्दीपनाची इंजेक्शने सुरू करावयाची, आणि ती आणखी दहाएक दिवस चालवावयाची.

पुढे १९९९ पासून सेट्रोरेलिक्स व गॅनिरेलिक्स ही विरोधी द्रव्ये उपलब्ध झाली. ती पीयूषिकेला चेतवीत नाहीत, तत्काळ रोखतात. म्हणून उद्दीपनाच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून काही दिवस दिली तरी पुरतात. जी प्रक्रिया चार आठवडे चाले ती सुमारे दोन आठवड्यांत आटोपू लागली. शिवाय या पद्धतीत अखेरचे पक्वन एचसीजीऐवजी जीएनआरएचच्या साधर्म्यद्रव्यानेही घडविता येते. अतिउद्दीपनाच्या तीव्र विकाराला एचसीजीचा दीर्घ प्रभाव मुख्यतः कारण होतो. तो टाळून सर्व गर्भ गोठविले, तर धोका पुष्कळ अंशी टळतो. २०१५ मध्ये शांघायच्या क्वांग व सहकाऱ्यांनी याहून सोपा उपाय पुढे आणला. गर्भ गोठवावयाचेच असतील तर लाट रोखण्यास साधी प्रोजेस्टोजेनची गोळीही पुरते.

दीर्घ आणि विरोधी या दोन पद्धतींची तुलना किती झाली? कॉक्रेन संघटनेच्या २०१६ च्या समालोचनात ७३ यादृच्छिक चाचण्या आणि १२,२१२ स्त्रिया समाविष्ट होत्या. जिवंत बालकांच्या जन्मात लक्षणीय फरक आढळला नाही. अतिउद्दीपनाचा विकार मात्र विरोधी द्रव्यांच्या पद्धतीत स्पष्टपणे कमी होता. प्रारंभीच्या काही चाचण्यांत दीर्घ पद्धतीत मिळणारी अधिक स्त्रीबीजे पाहून तिलाच श्रेष्ठ मानले गेले होते. माप बदलताच निर्णय बदलला.

स्त्रीबीजांच्या संख्येचाही असाच पुनर्विचार झाला. इंग्लंडमधील ४,००,१३५ आवर्तनांच्या २०११ च्या अभ्यासात जिवंत जन्माचे प्रमाण सुमारे १५ स्त्रीबीजांपर्यंत वाढत गेले, मग स्थिरावले आणि २० च्या पुढे उतरले. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ४०४ स्त्रियांच्या चाचणीत, सौम्य उद्दीपन व एकच गर्भ सोडणे ही रीत नेहमीच्या रीतीशी ताडून पाहिली गेली. वर्षभरात पूर्ण दिवसांच्या जिवंत प्रसूतीचे प्रमाण अनुक्रमे ४३.४ व ४४.७ टक्के, म्हणजे जवळजवळ समान होते. बहुगर्भतेचे प्रमाण मात्र ०.५ विरुद्ध १३.१ टक्के. या चाचणीने मोजणीचा घटक 'एक आवर्तन' न धरता 'एक वर्ष' धरला, हे तिचे वैशिष्ट्य होय.

६. लेट्रोझोलचे प्रकरण

भारतात पद्धतींची तुलना शासनाच्या आज्ञेचा विषय झाली ती लेट्रोझोलच्या निमित्ताने. स्तनाच्या कर्करोगासाठी निघालेल्या या गोळीचा बीजकोश-उद्दीपनासाठी उपयोग मिटवली व कॅस्पर यांनी २००१ मध्ये दाखविला. २००५ मध्ये एका परिषदेत सादर झालेल्या अल्प संख्येच्या अभ्यासात बालकांत व्यंग आढळल्याचे सांगितले गेले. पुढच्याच वर्षी ९११ नवजातांच्या अभ्यासात त्याला पुष्टी मिळाली नाही. तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये भारत सरकारने वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेतील ७५० स्त्रियांच्या चाचणीत, बहुपुटक बीजकोशाच्या विकारात जिवंत जन्माचे प्रमाण लेट्रोझोलने २७.५ आणि क्लोमिफीनने १९.१ टक्के असल्याचे सिद्ध झाले. २०१७ मध्ये बंदी उठली.

या सहा वर्षांचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. महानगरातील सधन दांपत्याला गोळी बंद झाली तरी इंजेक्शनाचा मार्ग खुला होता. भूम वा परंड्याच्या ज्या कुटुंबाला तालुक्याच्या डॉक्टरापुढे जाणे परवडत नाही, त्याच्यापुढे क्लोमिफीन किंवा काहीच नाही, असेच पर्याय उरले. स्वस्त औषधाविषयीचा निर्णय गरिबांच्या बाबतीत नेहमी अधिक दूरगामी असतो.

७. जिल्ह्याच्या संदर्भात तुलनेचे माप

चाचण्यांत दोन पद्धती समान ठरल्या म्हणजे रुग्णाच्या दृष्टीनेही त्या समान असतात असे नाही. तुळजापुराहून सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे. बाह्यफलनासाठी सोलापूर, लातूर किंवा पुण्याची वाट धरणाऱ्या स्त्रीला उद्दीपनाच्या काळात ध्वनिलहरींच्या तपासणीसाठी अनेकदा जावे लागते. प्रत्येक खेपेस तिची आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, बसचे भाडे लागते, शिवाय घरी कारण सांगावे लागते. इंजेक्शने शीतपेटीत ठेवावी लागत असतील, तर उन्हाळ्यातील वीजपुरवठा हाही उपचाराचा एक घटक बनतो. चार आठवड्यांऐवजी दोन आठवडे, इंजेक्शनाऐवजी गोळी, हे फरक चाचणीच्या कोष्टकात दुय्यम वाटले तरी येथे उपचार पुरा होतो की अर्धवट सुटतो, हे त्यांवर ठरू शकते. अतिउद्दीपनाच्या विकाराचेही तसेच. तो बहुधा स्त्री घरी परतल्यावर बळावतो. त्या वेळी जवळचे सुसज्ज रुग्णालय किती दूर आहे, यावर त्याचे गांभीर्य अवलंबून असते. धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले, ही घटना या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथे एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात टोचण्याची पद्धत यशस्वी झाली आणि पुरुषाच्या दोषावर उपाय सापडला. परंतु त्या उपायासाठीही उद्दीपन करावे लागते ते स्त्रीच्याच बीजकोशाचे. दोष पुरुषाचा, इंजेक्शने स्त्रीला, आणि गावात चर्चा स्त्रीचीच. उपचाराचे शास्त्र नवे झाले तरी भाराची जुनी वाटणी त्याने आपोआप पालटली नाही.

८. उपसंहार

२०२१ चा साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा जानेवारी २०२२ पासून अंमलात आला. त्यानुसार स्त्रीबीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षे वयाची असावी, तिने आयुष्यात एकदाच दान करावे आणि तिच्याकडून सातांहून अधिक स्त्रीबीजे घेऊ नयेत, असे बंधन आहे. दात्रीसाठी विमाही सक्तीचा आहे. येथे प्रथमच कायद्याने उद्दीपनाच्या फलाला वरची मर्यादा घातली. ज्या पद्धती पंधरा स्त्रीबीजे मिळविण्यासाठी घडविल्या गेल्या त्यांचा सातांची मर्यादा असलेल्या दात्रीवर प्रयोग करणे तर्कास धरून नाही; या तरतुदीचा स्वाभाविक कल सौम्य उद्दीपनाकडे आहे. गरजेपोटी स्त्रीबीज देणारी स्त्री बहुधा दुर्बल स्थितीतील असते. तिच्या बाबतीत अपत्यप्राप्तीचे सुख एका घरी आणि शरीराचा धोका दुसऱ्या घरी, अशी विभागणी होते.

याच कायद्याने राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली असून केंद्रांना आपली माहिती तीत देणे बंधनकारक आहे. १९७८ मध्ये कोलकात्याचे काम नोंदीविषयीच्या वादात बुडाले. आज नोंद कायद्याने करावी लागते. मात्र त्या नोंदीतून पद्धतींची तुलना करताना छेदस्थानी काय धरावयाचे, हे अभ्यासकाने आधी सांगितले पाहिजे. एका आवर्तनामागे किती जन्म, एका स्त्रीमागे किती जन्म आणि एका जन्मामागे किती अपाय, या तीन मापांनी येणारी उत्तरे एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. त्यांत स्त्रीच्या फेऱ्यांचे व खर्चाचे चौथे माप घातल्याखेरीज धाराशिवसारख्या जिल्ह्यापुरता निष्कर्ष पूर्ण होणार नाही.